मीटिंग होऊ देणारे मामा

पाचशे माणसांना गप्प बसवणारे पुढारी आपल्याकडे तालुक्याला डझनभर सापडतील. पण पाचशे माणसांना मनसोक्त बोलू देऊन, हवं तर भांडू देऊन, जेवायच्या वेळेला सगळ्यांना हसतमुखानं आपापल्या घरी धाडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. जुन्नर-आंबेगाव भागात कुठे शाळेची इमारत अडली, पाण्याच्या पाळीवरून दोन वाड्यांची बोलाचाली बंद झाली, जत्रेचा मान कुणाचा यावर डोकी तापली, की कुणीतरी मोटारसायकल काढून मामांच्या दारात यायचं. मामा पायात चपला सरकवत एवढंच विचारायचे, "जागेला झाडं किती हायेत?" येणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला सावलीत बसायचंय. तसं नव्हतं. झाडांच्या संख्येवरून मामा मीटिंगचा अंदाज घेत.

मामा काही शिकलेसवरलेले नव्हते. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झाली, तीही बहुतेक घोडेगाव, डिंभे, आहुपे ह्या वाटेवर. चाळीस जणांच्या गाडीत ऐंशी जणांना कोंबड्या, कुदळी आणि परकरी पोरींसकट बसवायचं, आणि तरी कुणी कुणाच्या अंगावर जाणार नाही असं बघायचं, हे त्यांचं शिक्षण. त्यांच्या सगळ्या विद्येचा उगम मात्र एका बंद पडलेल्या दिवसात होता. एका श्रावणात डिंभ्याच्या पुढे रस्त्यावर दरड आली आणि गाडी मध्येच अडकली. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. तासभर सगळी गाडी मामांना जाब विचारत होती आणि मामा सगळ्या गाडीला उत्तरं देत होते. शेवटी घसा बसला, तेव्हा ते खाली उतरले आणि म्हणाले, "चालत जाणार ते डाव्या अंगाला, थांबणार ते उजव्या अंगाला, अन् ज्याचं काही ठरत न्हाई तो माझ्याजवळ." पुढे मामा गप्प बसले. थोड्याच वेळात चालणाऱ्यांना आडवाट माहीत असलेला एक गुराखी आपल्यातच सापडला. थांबणाऱ्यांनी जवळच्या घरात चूल पेटवून घेतली. आणि बाळंतपणाला माहेरी निघालेल्या एका मुलीला चौघांनी घोंगडीची झोळी करून पुढच्या वाडीपर्यंत नीट पोचवलं. "मी कुणालाच काय सांगितलं न्हाई, जावयबापू," मामा मला म्हणाले होते, "मी बोलायचा थांबलो, तवा त्यांना सुचायला लागलं."

माझी आणि त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नाच्या बैठकीत पडली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्न आमच्या दारात की मुलीच्या, यावरून दोन्हीकडची मंडळी घरूनच तयारी करून आली होती. माझे थोरले काका तर गाडीत बसल्यापासून आपली वाक्यं पाठ करत होते. पोचून पाहतो तो लोड-तक्के उचललेले, समोरासमोर घालतात तशा दोन सतरंज्या नाहीतच. एकच मोठी, आणि दारातच मामा उभे राहून एक माणूस आमच्याकडचा, एक त्यांच्याकडचा असे एकाआड एक बसवत होते, गाडीत सीट दाखवावी तसे. माझ्या काकांच्या एका बाजूला मुलीचे आजोबा आले, दुसऱ्या बाजूला तिची आत्या. आता शेजारी बसलेल्या माणसावर आवाज कसा चढवायचा? काकांनी आजोबांना आधी तंबाखू दिली, मग गुडघेदुखीवरचं औषध सांगितलं, आणि पाठ केलेली वाक्यं तशीच परत घेऊन आले. लग्न कुठे करायचं ते त्या दोघांनीच परस्पर ठरवून टाकलं.

मामांचा मीटिंगमधल्या दोन गोष्टींवर फार राग. एक खुर्ची आणि दुसरा माईक. खुर्ची मांडली की तीत बसणारा आणि न बसणारा अशा दोन जाती होतात, आणि माईक दिला की माणूस समोरच्याशी न बोलता लांबच्या डोंगराशी बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका गावी पाहुण्यांसाठी पाच खुर्च्या आणून ठेवल्या होत्या, तर मामांनी गंभीर चेहऱ्यानं त्यांवर लोकांच्या पिशव्या, टोप्या आणि एका बाईचं झोपलेलं बाळ ठेवून दिलं. पाहुणे मुकाट्यानं खाली बसले. चहा ते सुरुवातीला कधीच देऊ देत नसत. चहा झाला की निम्मा गाव आपलं काम झालं असं समजून उठतो. तो मध्यावर, तोही एका जागी नाही, कडेला लांब ठेवायचा, म्हणजे माणसं उठतात, हिंडतात आणि ज्याच्याशी बोलायचं टाळत होती नेमकी त्याच्याच शेजारी कप घेऊन उभी राहतात. आणि सगळ्यात जास्त बोलणारा जो असेल त्याच्या हातात पहिल्यांदा वही द्यायची. "लोक काय म्हणत्यात ते तुमीच लिवा भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय," असं म्हटलं की तो फुशारतो आणि लिहिताना त्याला बोलता येत नाही.

घरी मात्र ह्या विद्येचा काडीइतका उपयोग नव्हता. घराला रंग कोणता द्यायचा यावर मामांनी सगळ्या घरादाराला गोल बसवून मत विचारलं, तेव्हा मामी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "निळा. रंगाऱ्याला काल सांगून आले मी." मामांनी समाधानानं मान डोलावली. निर्णय झाल्याशी त्यांना मतलब.

हे सगळं मी गमतीनं सांगतोय, पण मामांची खरी किंमत मला कळली ती दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात. डिंगोऱ्याच्या पलीकडे एका गावात मी तेव्हा शाळामास्तर होतो. शाळेला लागून उसाचं मोठं शेत होतं आणि त्या उसात बिबट्या राहायला आला होता. आधी कुत्री गेली, मग शेळ्या. एका पहाटे एका तरुण शेतकऱ्याच्या गोठ्यातली गाभण गाय त्यानं मारली. दोन दिवसांनी पाचवीतल्या एका मुलीनं शाळेच्या वाटेवर बांधावर बसलेला बिबट्या पाहिला आणि दप्तर टाकून ती धावत आली. तिला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात तीन पोरं होती. इकडे गावातल्या तरण्या पोरांनी मेलेल्या शेळीत विष घालून ती उसाच्या कडेला टाकायचं ठरवल्याचं कानावर आलं. त्या कडेनंच माझी पोरं येत-जात होती. चार वाड्यांची मीटिंग शाळेच्या मैदानात ठरली, मुख्याध्यापक आजारी म्हणून रजेवर, आणि सगळं माझ्या गळ्यात. आदल्या मीटिंगमध्ये खुर्च्यांची फेकाफेक झालेली. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी मामांकडे गेलो.

मामांनी विचारलं, कोण आलं नाही तर मीटिंग फुकट जाईल? मी म्हणालो, सरपंच, साहेब लोक. मामांनी नकारार्थी मान हलवली. ज्याची गाय गेली तो, ज्याचा ऊस आहे तो, आणि ज्या बाया पोरांना शाळेत सोडतात त्या. ह्यांच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन या, बाकीचे आपोआप येतील, असं त्यांनी सांगितलं. मी वाड्यावाड्यांत फिरून सगळ्यांच्या घरी जाऊन आलो. बाजारातल्या कापडवाल्या शेठनी मामांच्या शब्दाखातर तागे गुंडाळायचे जाड पुठ्ठे गठ्ठाभर दिले.

रविवारी सकाळी चारएकशे माणसं मैदानात गोल बसली. मामा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडं ह्याचं उत्तर न्हाई. ज्याला जे कराया पायजे वाटतं त्यानं ते पुठ्ठ्यावर लिवायचं अन् एका झाडाखाली बसायचं. ज्याला पटंल त्यानं तितं जायचं, न्हाई पटलं तर उठून दुसऱ्या झाडाखाली. फकस्त, दुसऱ्यानं काय करावं ते बोलायचं न्हाई. आपून काय करणार तेवढंच." आणि खाली बसले.

कुणी उठेना. मिनिट गेलं, दोन गेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मामांनी माझा पाय आपल्या पायानं दाबला. आणखी काही वेळानं खुरपणीला जाणारी एक बाई उठली, पदर सावरत म्हणाली, "मला लिवता येत न्हाई. पोरं शाळंत कशी आणायची, एवढं लिवा कुणीतरी." मग उसाचा मालक उठला, चांगला जमीनदार माणूस, त्याला उसाबद्दल बोलायचं होतं. आणि मग तो गाय गेलेला तरुण उठला. "मी त्याला मारणार हाय," म्हणाला. मामांनी स्वतः पुठ्ठा घेतला, 'बिबट्या मारायचा' असं मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या हातात दिलं आणि वडाची सगळ्यात चांगली सावली दाखवली. मला मामांचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी कुजबुजून तसं म्हणालोही. त्यांचं उत्तर आलं, हितं बोलू दिलं न्हाई तर तिकडं जाऊन करतील.

वडाखाली सुरुवातीला तीस-चाळीस पोरं गोळा झाली. आवाज चढला. पण नियम आपण काय करणार तेवढंच बोलायचा. विष कोण आणणार? शेळीत कोण घालणार? तिला एखाद्या पोराचा हात लागला तर जबाबदार कोण? प्रत्येक प्रश्नानंतर दोघं-चौघं उठून चहाकडे गेली, ती परत वडाखाली आलीच नाहीत. कुणी ऊसवाल्याच्या झाडाखाली बसलं, कुणी बायांच्या. तासाभरानं मी कप घेऊन वडाकडे गेलो, तर तिथे तो तरुण एकटा आणि शेजारी मामा. मी कप ठेवून वळणार, तेवढ्यात तो जमिनीकडे बघत बोलायला लागला. गाय ओरडत होती ते त्यानं ऐकलं होतं. दार उघडलं असतं, डबा वाजवला असता, तर कदाचित वाचली असती. "मी आतून कडी लावून बसलो व्हतो, मामा. ती मला हाका मारत व्हती." मामांनी धीर दिला नाही, उपदेश केला नाही, पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. नुसतं बसून राहिले. बऱ्याच वेळानं तो तरुण उठला, पुठ्ठा वडाच्या बुंध्याशी ठेवला आणि बायांच्या झाडाखाली जाऊन बसला. सकाळी पोरांना वाडीतून मी घेऊन येईन, काठी अन् डबा घेऊन पुढं चालंन, असं त्यानं तिथे सांगितलं.

उसाचा मालक दुपारी स्वतःहून म्हणाला की शाळेकडचा पट्टा तो आधी तोडेल, साखर कारखान्याची तोडीची तारीख येवो न येवो. आणि तोडणीला दोन वाड्यांतली माणसं लागली. एक वाजता सगळे घरी गेले. एकही खुर्ची फेकली गेली नाही. अर्थात मांडली नव्हती म्हणा. आठवड्याभरात तो पट्टा मोकळा झाला, बिबट्या डोंगराच्या अंगाला निघून गेला. पुढच्या सोमवारी वाटेवरून आधी डबा वाजल्याचा आवाज आला, मग पोरांचा गलका. मी हजेरी घेतली. एकूण एक हजर. पाचवीतली ती मुलगी "हजर सर" म्हणाली तेव्हा मी वही मिटून उगाच खिडकीशी गेलो, घटकाभर मोकळं शेत बघत उभा राहिलो आणि कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

त्या मीटिंगची बातमी एका पेपरात आली, तीत मामांचं नाव नव्हतं. गावात कुणाला विचारलं तर ते सांगायचे, आमीच ठरवलं सगळं. मामांना हे ऐकून फार बरं वाटायचं.

पुढे मामांच्या कानांनी दगा दिला आणि ते लेकीकडे पुण्याला राहायला गेले. मागे भेटायला गेलो तेव्हा मामी देवळात गेल्या होत्या, आम्ही दोघंच गॅलरीत. त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन मी बिबट्याची आठवण काढली आणि इतक्या वर्षांत जे कधी सुचलं नव्हतं ते विचारलं. मामा, तुमचं स्वतःचं मत काय होतं तेव्हा?

मामा कठड्यावर बोटं फिरवत, जरा ओशाळून म्हणाले, "माझं व्हय? मारावा असंच वाटत व्हतं मला."

आणि खालच्या रस्त्यावरची माणसं बघत म्हणाले, "पण कुणी इचारलं न्हाई कदी. तुमीच पैले."