तीनदा विचारणारे मास्तर

मास्तर कोणताही प्रश्न तीनदा विचारत. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, यांचा माझ्यावर विश्वास नाही. आठवड्याभरात खात्री पटली की या माणसाला खास माझा छळ करायलाच नांदेडहून लातूरला पाठवलंय. "ताई, चहा आला का? म्हणजे कपात आला का? म्हणजे तुम्ही पिला का?" मी वैतागून म्हणायचे, "आला, ओतला, पिले. आता फॉर्म द्या."

ते मूळचे नायगावकडचे. आधी शाळेत शिक्षक होते, मग आकडेवारीच्या खात्यात आले. पण 'मास्तर' ही हाक काही सुटली नाही. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं ऑफिस भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. कपाटं आली होती, किल्ल्या यायच्या होत्या. त्यात दुष्काळ. आमच्या गल्लीत टँकर पाचला यायचा. सव्वापाचला पोचलं तर नुसता ओला रस्ता बघायला मिळायचा. त्यामुळे चार वाजल्यापासून माझं अर्धं लक्ष घड्याळात असायचं, आणि नेमके चार वाजताच मास्तरांना शंका सुचायच्या.

काम तसं सरळ होतं. अपंगांना सरकारी दवाखान्यातून मोफत उपचाराचं कार्ड मिळे. त्या कार्डावर पायाला आधार देणारे लोखंडी कॅलिपर, कुबड्या मिळत आणि मोडल्या तर तिथल्याच केंद्रात दुरुस्तही होत. याचा त्यांना कामधंदा मिळायला किती उपयोग होतो, हे आम्ही मोजायचं होतं. फॉर्मवर दोनच मुख्य प्रश्न होते. साधन मिळाले का? काम आहे का? पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. इतर लोक दिवसाला पंधरा फॉर्म भरून आणत. मास्तर चार आणत, आणि तेही चौकोनात खूण न करता समासात बारीक अक्षरांत लिहिलेले.

मी म्हटलं, "मास्तर, समास कसा मोजू मी?"

"कशाला चिडून राहिले, ताई? 'मिळाला' म्हणजे वापरतो असं न्हाई. 'वापरतो' म्हणजे उपयोग झाला असं न्हाई. मग तीनदा नको विचारायला?"

कोणाच्याही घरी ते पाणी मागत नसत. खांद्याला पत्र्याची बाटली असे, त्यातलंच दोन घोट पीत. "त्यांना हंडा भरायला दीड तास लागतो, आपल्याला प्यायला दीड मिनिट," म्हणायचे. हे मला पटायचं. पण बाटली संपली की आमची जीप तिच्यासाठी विहीर शोधत फिरायची, ते मात्र मुळीच पटायचं नाही.

सगळे फॉर्म जमले, मी पंधरा दिवस खपून तक्ते केले. जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं होतं, काम नाही. साहेब खूश झाले. "म्हणजे हे फुकट वाटप आहे. उपयोग शून्य. दुरुस्ती केंद्र बंद करावं असं लिहा." मी लिहायला घेतलं, तोच मास्तर म्हणाले, "तक्ता चुकलाय."

मी बेरीज पुन्हा केली. बरोबर होती. "बेरीज न्हाई," ते म्हणाले, "उत्तरं चुकलीत. चला माझ्यासंगं."

शिरूर अनंतपाळच्या पुढच्या एका गावात त्यांनी मला रुक्मिणबाईकडे नेलं. पोलिओनं एक पाय गेलेली, तिशीची बाई. कॅलिपर खुंटीला टांगलेला. आमच्या फॉर्मवर तिचं उत्तर होतं, काम नाही. मास्तर उंबऱ्याबाहेर जमिनीवरच बसले आणि त्यांनी आधी कॅलिपरचा बूट हातात घेतला. तळ झिजून पातळ झाला होता, शिवणीत दगडाची पांढरी कच अडकली होती.

"बाई, काम हाय का?"

"न्हाई."

"बरं. सकाळी उठून कुठं जाता?"

तिनं पदर सारखा केला.

"काल दुपारी कुठं होता?"

तिनं मास्तरांच्या हातातला बूट काढून घेतला. मग म्हणाली, "मास्तर, कार्ड घिऊन जाणार काय?"

तेव्हा कुठे कळलं. कार्डाच्या नियमात एक ओळ होती: कार्ड न कमावणाऱ्यालाच. दुष्काळी कामावर खडी फोडायला ती रोज तीन किलोमीटर चालत जायची, पण हजेरीपटावर नाव जावेचं लावायची. स्वतःचं नाव लागलं की कार्ड जाणार होतं.

"कॅलिपर हाय म्हून काम हाय," ती म्हणाली. "काम हाय म्हनलं की कार्ड जातंय. पट्टा तुटला तर नीट कोन करून देनार? मंग काम बी जातंय. आता सांगा, काय लिवता ते."

मास्तरांनी तिला शब्द दिला की तुझं नाव कुठे जाणार नाही. परतताना मी जीपमध्ये मास्तरांकडे पाठ करून बसले. वाईट वाटलं म्हणून नव्हे. माझ्या पंधरा दिवसांची माती झाली होती, आणि सव्वापाच वाजून गेले होते.

सगळे फॉर्म पुन्हा भरले. या वेळी आम्ही सगळ्यांनी मास्तरांच्या पद्धतीनं विचारलं आणि सगळ्यांना तोच शब्द दिला. बहुतेक जण काही ना काही करतच होते. कोणी भावाच्या नावावर, कोणी बायकोच्या. मला वाटलं, साहेब शहाणे होतील. साहेब म्हणाले, "म्हणजे खोटं बोलून कार्ड ठेवतात! यादी द्या मला. नावांसकट."

दुपारी रेकॉर्डच्या खोलीत गेले, तर मास्तर कात्री घेऊन बसलेले. प्रत्येक फॉर्मची वरची, नावाची पट्टी कापत होते.

"अहो, काय करताय? नोकरी जाईल! पेन्शनला चार वर्षं राहिलीत तुमची!"

"हाव. पण शब्द दिलाय ना."

आणि कापत होते तेही वेडंवाकडं. नावाबरोबर पहिल्या प्रश्नाचं उत्तरही चाललं होतं. माझं डोकंच फिरलं. एवढी मेहनत, आणि हा माणूस आता उत्तरंही कापून टाकणार! "सरका," म्हटलं. कात्री हिसकावून घेतली, फूटपट्टी लावून सगळे फॉर्म सरळ कापले. नावांच्या पट्ट्या पिशवीत भरून घरी नेल्या आणि चुलीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "फॉर्म कोणी कापले?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "मी."

"एकट्यानं?"

"हाव. एकट्यानंच."

मी खाली बघत उभी राहिले. घरी दोन लहान मुलं होती, नोकरी कच्ची होती. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला सांगितली, पुढेही पुष्कळदा सांगितली.

त्यांची बदली किनवटला झाली. एसटी स्टँडवर मी निरोपाला गेले. रात्रभर काय बोलायचं ते ठरवलं होतं. पण मास्तर खिडकीतून ओरडून तक्ता क्रमांक चारमधल्या तळटीपेबद्दलच विचारत राहिले, आणि गाडी सुटली. माझं बोलणं राहूनच गेलं.

तक्ते मात्र वर गेले, नावांशिवाय. दुरुस्ती केंद्र बंद झालं नाही. वर्षाभरानं आदेश आला की दुष्काळी कामावर जाणाऱ्यांचं कार्ड काढून घेऊ नये. मी मास्तरांना आनंदानं कळवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं: "आदेश निघाला, ठीक. गावात पोचला का? लोक मानतात का? जाऊन बघा." शाबासकीचा एक शब्द नाही!

चरफडत, माझ्या रविवारी, माझ्या तिकिटानं मी गेले. खडीच्या ढिगाशी मुकादम हजेरी घेत होता. त्यानं रुक्मिणबाईचं नाव पुकारलं. ती सवयीनं गप्पच बसली. शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा दचकून म्हणाली, "हाय, हाय! मी हाय!" सगळ्या बायका हसल्या.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. त्यात हे सगळं होतं, आणि स्टँडवर राहून गेलेलंही. सोमवारी टाकायचं म्हणून ऑफिसात नेलं, तर किनवटहून निरोप आलेला. मास्तर शुक्रवारीच गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

मी पत्र हातात घेऊनच साहेबांच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, "ते फॉर्म मी कापले होते. मास्तरांनी नाही."

साहेब महिन्यापूर्वीच बदलून आलेले, नवे होते. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठले फॉर्म?"