एन्नाचे धनी

लंडनजवळच्या पिनरच्या शशिधर मेढेकरांना वेड एन्नाचं. सिसिलीतलं डोंगराच्या माथ्यावरचं गाव, जिंकून घेता घेता दम निघावा इतकं उंच. तरी ज्याला त्याला तेच हवं. निवृत्तीनंतर हा हाडांचा डॉक्टर मंडळात, लायब्ररीत, कुणाच्या बारशालासुद्धा त्याच्यावर बोलायचा. "ग्रीक, कार्थेज, रोमन, बायझंटाईन, अरब, नॉर्मन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटली!" एन्नाचे सगळे धनी, आले त्या क्रमानं, एका दमात. अरब आत शिरले ते गटारातून, हे सांगायच्या वेळी लोकांच्या हातात हटकून बटाटेवडा असायचा.

"अहो, खाऊ द्या की माणसांना," बायको अलका म्हणायची. मूळची मिरजेची, तिथल्या जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर उभा जन्म काढला तरी तिचा 'की' सुटला नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत स्ट्रोक आला, वाचा गेली. राहिली एन्नाची ओळ तेवढी. अलकानं "ग्रीक" म्हटलं की गडी धडाधड इटलीला पोचायचा. पाणी हवंय, लघवीला जायचंय, त्याला शब्द नाही.

दर गुरुवारी स्पीच थेरपिस्ट हेलन अलकाचा फोटो समोर धरायची. "हू इज धिस? अल्..."

"ग्रीक," शशिधर म्हणायचे.

सगळा उन्हाळा असा गेला. शेवटी हेलन म्हणाली, सुधारणा थांबलीय, सेशन्स बंद करावी लागतील. तेव्हा कुठं अलकाच्या डोक्यात उजेड पडला.

"पण त्यांनी मला अलका म्हणून कधी हाकच मारली नाही गं."

"मग काय म्हणायचे?"

"अगं."

हेलननं फोटो खाली ठेवला. "यू नेव्हर सेड!"

काय सांगणार? इंग्रज बाईपुढं 'अगं' म्हणजे गावंढळ वाटलं होतं.

मग ती एकटीच मागं लागली. इटलीपुढं स्वतःला जागा केली. "स्पॅनिश, इटली, अगं. म्हणा की! एकदा म्हणा, मग बसा जन्मभर गप." ते इटलीशी थांबायचे आणि तिच्या तोंडाकडं बघत राहायचे.

मँचेस्टरहून नकुलचा फोन यायचा. "आई, बाबांना प्रेशर नको देऊ. ही इज हॅपी, यू नो."

"आई म्हणायला तू आहेस रे. अगं म्हणायला कोण आहे मला?"

नोव्हेंबरात दुसरा झटका आला, बारका. घरी आणलं तर इटली गेली होती. नाताळपर्यंत स्पॅनिश गेले, फ्रेंच गेले. शेवटी आलेला आधी, असे एकेक धनी डोंगर उतरायला लागले. अलकानं 'अगं' नॉर्मनांना जोडून पाहिलं, मग अरबांना. तेही गेले.

आज सकाळी चमच्यानं चहा भरवताना ती म्हणाली, "ग्रीक."

शशिधरांचे ओठ हलले. नुसती हवा आली, हनुवटीवर चहा ओघळला. तिनं तो पदरानं टिपला.

"अगं," मग तीच म्हणाली, "चहा गार होतोय."

आणि चमचा पुढं केला.