लाल दोऱ्याची कणसं
भुट्टा भाजल्याचा वास आला की गंधवानीचं ते शेत आठवतं. मध्यभारत राज्य होतं तेव्हा मी धारला शेतकी खात्यात होतो. तिथं एका शेतकऱ्याच्या रानात तीन वर्षं निवडत आणलेल्या मक्याची सर्वांत चांगली कणसं बियाण्यासाठी राखायची, म्हणून त्यांना खूण म्हणून लाल दोरा बांधून आलो. आठवड्यानं सायकल रेटत पोचलो, तर नेमकी तेवढीच कणसं गायब. "डोरो तो तमनेज बांध्यो थो, साब," शेतकरी आनंदानं म्हणाला, "माता के चढ़ई ने गाम में बांटी दिया." नव्या पिकातलं उत्तम ते आधी देवीला चढवून गावात वाटायचं, ही त्यांची रीत; मी बांधलेला लाल दोरा म्हणजे देवीसाठीचीच निवड, असं त्यानं धरलं होतं. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याच्या बायकोनं त्यातलंच माझ्यासाठी राखलेलं एक भाजकं कणीस हातात ठेवलं. ते मी बांधावर बसून खाल्लं. तसा गोड दाणा पुढं नोकरी संपेपर्यंत मला पिकवता आला नाही.