पाहुण्यांचे पाय

बोदलकशाच्या वाटेवर मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची, कोठी आहे. २००८ साली तिचं हॉटेल झालं आणि सुमनबाईच्या डोक्याला ताप झाला. खोल्या झाडणं, चादरी बदलणं ती मुकाट करायची. पण मागच्या न्हाणीघरात 'स्पा' निघाला आणि फर्मान सुटलं: पाहुणा ओसरीवर आला की त्याचे पाय धुवायचे, वर झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या. फर्मान सोडणारा परका असता तर तिनं चार शिव्या हासडल्या असत्या. पण तो तिच्याच धाकट्या दिराचा अतुल, नागपूरला कोर्स करून मॅनेजर झालेला. तिला कामावर लावलं तेही त्यानंच.

"हे कोनाची रीत हाय रे?" तिनं विचारलं.

"आपलीच, मोठीआई. पाव्हना आला का पाय धुवाले पानी देत नाही का आपन?"

"पान्याचा गडवा हातात देतो. पाय त्याचे तो धुते. शिकून आला का इसरून आला?"

अतुलचा आजा, म्हणजे सुमनबाईचा सासरा, या ओसरीची पायरी कधी चढू शकला नव्हता. ते अतुलला सांगायला जावं तर तो घड्याळ बघायचा. मग तिनं सांगणं सोडलं आणि आपल्याच रीतीनं चालवलं. पाहुणा आला की गडवा पुढे. कुणी हसायचं, कुणी मोजे काढून धुवायचं. अतुल मागून दातओठ खायचा. "मालकानं पाह्यलं तं दोघाईची नोकरी जाईन!"

आणि मालक आलाच. मालगुजाराचा नातू उमेंद्र आजोबांच्या आरामखुर्चीत बसला आणि त्यानं सवयीनं पाय पुढे केले.

"घ्या भाऊ," म्हणत सुमनबाईनं गडवा धरला. उमेंद्र गोंधळला, हात पुढे करू लागला. कदाचित घेतलाही असता त्यानं. पण तेवढ्यात अतुलनं गडवा तिच्या हातून ओढला आणि कोट सावरत स्वतःच मालकाच्या पायाशी बसला.

सुमनबाईचा इतक्या दिवसांचा संताप ओसरला. डोळ्यांत पाणी आलं.

"मोठीआई, टॉवेल दे," अतुल मान खाली घालून म्हणाला.

तिनं खांद्यावरचा टॉवेल मालकाच्या मांडीवर टाकला आणि पुतण्याची कॉलर धरली.

"जाऊ दे दोघाईची नोकरी," ती म्हणाली. "तू ऊठ आधी."