नरक्याचं रोप

शिरूर-दौंड एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारबा बसले होते. खांद्यावर आजारी बायकोचं डोकं, मांडीवर पिशवीतलं रोप. झळ लागू नये म्हणून त्यांनी रोपावर उपरणं धरलं होतं.

"कसलं रोप, आबा?"

"नरक्या. घाटातला. वासानं जनावरबी तोंड लावत न्हाई. तरणा व्हतो तवा आम्ही व्यापाऱ्याच्या मजुरीवर पोती भरभरून तोडला, आता दिसंना." मग ते हळूच म्हणाले, "हिच्या कॅन्सरच्या औषधात त्योच हाय, असं डॉक्टर म्हनले. म्हून एक दारात लावतो."

नरक्या पावसाच्या डोंगरातला. दौंडच्या उन्हात तो जगणं अवघड, हे मला ठाऊक होतं.

बायकोनं डोळे न उघडताच विचारलं, "त्याला पानी घातलं का वो?"

मी माझी बाटली पुढं केली.