बाळासोंनी मणी धुतले

हातकणंगल्याच्या एका डाईंगमध्ये बाळासोंनी तीस वर्षं कापड रंगवलं. धुण्यात रंग उतरला की माल परत यायचा, म्हणून रंग पक्का बसवणं हाच त्यांचा धर्म. डाईंग बंद पडली आणि ते कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. तिथलं काम काय, तर पाण्यातला रंग घालवायचा! जन्मभर बसवला, तो आता घालवायचा म्हणजे काय, हे त्यांना सहा महिन्यांत उमगलं नव्हतं.

संशोधन अवंतिकाचं, तिथं पीएच.डी. करणाऱ्या मुलीचं. बुरशीपासून काढलेला एक रस तिनं साबुदाण्याएवढ्या मण्यांत कोंडला होता. मणी काचेच्या नळीत भरायचे, वरून डाईंगचं निळं पाणी सोडायचं, खाली नितळ पाणी येतं. रसातलं एंझाइम रंग तोडतं, आणि मण्यात कोंडल्यानं वाहून जात नाही, असं ती सांगायची.

"म्हंजे त्ये जित्तं हाय व्हय?"

"जिवंत नाही, काका. पण फार तापलं की मरतं."

जित्तं नाही ते मरतं कसं? बाळासोंनी डोकं खाजवलं आणि झाडू उचलला.

शुक्रवारी अवंतिकाचं दोन वर्षांचं काम तपासायला बाहेरगावचे परीक्षक येणार होते. गुरुवारी सकाळी बाळासोंना नळीतले मणी निळेशार झालेले दिसले. पाहुणे यायचे आणि सामान असं कळकट? कापड रंगवून झालं की साबणाच्या कढत पाण्यातून काढायचं, म्हणजे न बसलेला रंग सुटतो, ही रंगाऱ्याची रीत. त्यांनी मणीही तसेच कढत पाण्यातून काढले. मणी पांढरे झाले, बादली निळी झाली.

अवंतिका आली आणि बादली पाहून ओरडली. "काका, मारलंत की हो सगळं!"

"चुकलं, ताई." बाळासोंनी कबूल केलं. पण जीभ रंगाऱ्याची, गप्प बसेल तर शपथ. "पर एक सांगू? रंग तुटला असता तर बादलीत आला कुठनं? त्यो नुसता मण्यात शिरून बसलावता की."

अवंतिका बादलीपाशी वाकली, निळं पाणी निरखलं. मग म्हणाली, "आधी वापरलेले मणी कुठं आहेत? तेही धुऊन बघू."

"तुमीच टाकाय सांगितलंवतं. टाकलं." बाळासोंनी आवाज खाली आणला. "ही बादली मोरीत वततो. कुणाला कळत न्हाय."

"ओतू नका." तिनं कपाटातून रस न घातलेल्या मण्यांची बरणी काढली. हे मणी तिनं दोन वर्षांत एकदाच, तेही घाईत तपासले होते. ते दुसऱ्या नळीत भरून तिनं निळं पाणी सोडलं. "खाली निळंच आलं, तर रंग माझ्या एंझाइमनंच तोडला. नितळ आलं तर रंग नुसता मण्यांनीच शोषला, एंझाइमनं काही केलंच नाही."

आपण चूक केली की भलं, बाळासोंना काही कळेना. त्यांनी अंबाबाईला हात जोडले आणि पाणी निळंच पडू दे म्हणून विनवलं. असलं मागणं आईनं तरी कधी ऐकलं असेल का!

अर्ध्या तासानं खालच्या ग्लासात पाणी जमलं. नितळ होतं.

"उद्या ही बादली आणि हा ग्लास, दोन्ही परीक्षकांना दाखवायचं," अवंतिका डोळे पुसत म्हणाली. बाळासो ग्लासाकडे बघत राहिले. स्वच्छ पाणी बघून त्यांना एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.