चंद्राचा दगड आणि गावंडेकाकांचा कूलर

"मॅडम, पाणी!" वैष्णवी स्क्रीनकडे बोट दाखवत ओरडली. मी मात्र पुरती गोंधळले. त्याच दगडाची सकाळची भुकटी ठणठणीत कोरडी निघाली होती.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी चंद्राच्या आणि लघुग्रहांच्या दगडांतली व्होलाटाइल्स मोजते. म्हणजे तापवलं की उडून जाणारी द्रव्यं: पाणी, वायू. चिमूटभर भुकटी तोलून छोट्या भट्टीत तापवायची आणि काय बाहेर येतं ते मशीनवर बघायचं. तापवलेली भुकटी पुन्हा वापरता येत नाही. पुण्याच्या एका सरांनी चंद्रावरून आलेल्या उल्कापाषाणाच्या भुकटीच्या तीनच इवल्या बाटल्या दिल्या होत्या. त्यातल्या दोन संपल्या.

वैष्णवी अकोल्याची, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तिचा अख्खा थिसिस या पाण्यावर उभा राहणार होता. आम्ही रिकामी भट्टी तापवून पाहिली. काही नाही. लीक तपासला. तोही नाही. माझं डोकं चालेना. सरांना फोन लावला.

"एकच दगड सकाळी कोरडा अन् दुपारी ओला? तिसरी बाटली विचार करून उघडा. चौथी नाही माझ्याकडे."

तेवढ्यात आमचे लॅब अटेंडंट गावंडेकाका बादली घेऊन आले आणि व्हरांड्यातल्या कूलरमध्ये पाणी ओतू लागले. कूलरचं तोंड थेट आमच्या वजनकाट्याकडे!

"काका, हा इकडे कधी वळवला?"

"आज बारा वाजता. तुमी दोघी घामानं बेजार हून राहिल्या होत्या, मले पाहवलं नाही. काहून, काई चुकलं काय?"

चूक माझीच होती. अशी भुकटी हवेतली वाफ शोषते, हे मी दर वर्षी शिकवते. पण आपल्याकडची मे महिन्याची हवा पापडासारखी कोरडी, म्हणून खुशाल उघड्यावर तोलत होते. वर बारापासून कूलरच्या त्या ओलसर गारव्यात सुखावलेही होते. रिकाम्या भट्टीत वाफ शोषायला भुकटीच नव्हती.

"मॅडम, तिसरी राहू द्या ना," वैष्णवी हळूच म्हणाली. मलाही ते पाणी हवंच होतं.

कूलर बंद करून भर दुपारी तिसरी तोलली. काका पुठ्ठ्यानं वारा घालायला आले, त्यांना हात जोडले.

कोरडी निघाली. वैष्णवीनं डोळे पुसले आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पाणी नाही.'

चंद्रावर पाणी शोधायच्या आधी एकदा व्हरांड्यात डोकावावं.